कैदी पूर्वजांची दप्तरं कशी वाचावीत?

१७८८च्या जानेवारीत अकरा जहाजांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला आणि १८६८च्या जानेवारीत ‘हूगोमाँट’ हे कैद्यांचं शेवटचं जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियात पोचलं. या ऐंशी वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १ लाख ६२ हजार स्त्री-पुरुष कैदी म्हणून तिकडे धाडले गेले. त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः एक ओळही मागे ठेवलेली नाही. सरकारनं मात्र त्यांच्याविषयी भरभरून लिहून ठेवलं: उंची, डोळ्यांचा रंग, दंडावरचं गोंदण, गुन्हा, शिक्षा, लग्न, मृत्यू. २००७ साली युनेस्कोनं ऑस्ट्रेलियातल्या या कैदी-दप्तरांचा ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत समावेश केला.

कैदी पूर्वज असणं हा तिथे दीर्घकाळ कलंक मानला जाई. घरातली जुनी माणसं विषय टाळत. व्हॅन डायमेन्स लँड या वसाहतीनं १८५६ साली ते नाव टाकून टास्मानिया हे नाव घेतलं, त्यामागेही हा भूतकाळ मागे सारण्याची इच्छा होती. आज चित्र पालटलं आहे. टास्मानियाच्या पुराभिलेखागारानं आपल्या कैदी-नोंदवह्यांची छायाचित्रं सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत, आणि वंशज आपल्या खापरपणजोबांचं पान अभिमानानं शोधतात. पान क्षणात उघडतं. अक्षर मात्र लागत नाही. मग कोणी कंटाळून सोडून देतं, कोणी अर्धवट वाचून उरलेलं कल्पनेनं भरून काढतं.

या विषयावरचा अनुभव, साधनं आणि वाद एकत्र मांडावेत, म्हणून हा आढावा. माझं मत आधीच सांगतो. जुनं गुन्हेगारी दप्तर वाचता न येण्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा वाईट अक्षर नसतं. ती नोंदवही कोणी, कशासाठी आणि कोणत्या साच्यात लिहिली हे ठाऊक नसणं, हे असतं. साचा कळला की अक्षर लागतं. साचा न कळता अक्षर लागलं, तर चूक अधिक ठामपणे होते.

एका माणसाचे अनेक कागद

कैद्याची नोंद एका जागी कधीच नसते. पहिला कागद न्यायालयाचा. इंग्लंडात गंभीर खटले असाइझ न्यायालयांपुढे, त्याहून हलके क्वार्टर सेशन्सपुढे आणि लंडनचे ओल्ड बेलीत चालत. नंतर गृहखात्याच्या नोंदवह्या येतात. त्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. ‘एच. ओ. २६’ ही मालिका लंडन-मिडलसेक्सची, ‘एच. ओ. २७’ इंग्लंड-वेल्सच्या परगण्यांची, आणि ‘एच. ओ. ११’मध्ये जहाजागणिक हद्दपार कैद्यांच्या याद्या आहेत. शिक्षा झाल्यावर अनेकांना बंदरात नांगरून ठेवलेल्या जुन्या जहाजांवर, म्हणजे हल्कांवर डांबत. त्यांची पुस्तकं वेगळी. प्रवासातली जहाजावरच्या डॉक्टरची रोजनिशी वेगळी. उतरल्यावर कैद्यांची ताबायादी, तिला ‘इंडेंट’ म्हणत. मग वर्णनपट, वर्तनपट, लग्नाच्या परवानगीचे अर्ज, ‘तिकीट ऑफ लीव्ह’ हा सवलतीचा परवाना, सशर्त माफी आणि अखेर मुदत संपल्याचा दाखला.

म्हणजे एकाच माणसाचं नाव, वय, गाव आणि गुन्हा निदान पाच-सहा कारकुनांनी, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. एका कारकुनानं ज्या शब्दाचा चुथडा केला, तो दुसऱ्यानं स्वच्छ लिहिलेला असतो. म्हणून पहिला नियम हा, की एकाच पानाशी झुंजत बसू नये. त्या पानाची भावंडं आधी शोधावीत. इंडेंटमध्ये न लागलेलं गावाचं नाव ‘एच. ओ. २७’मधल्या परगण्यावरून लागतं. ज्यांचा खटला आयर्लंडात झाला, त्यांच्याबाबत ही वाट अरुंद आहे. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये लागलेल्या आगीत तिथलं सरकारी दप्तर मोठ्या प्रमाणात जळालं. तरी १८३६ ते १८५७ या काळातल्या आयरिश हद्दपारीच्या नोंदवह्या वाचल्या आहेत, आणि १९८८ साली ऑस्ट्रेलियाच्या द्विशताब्दीनिमित्त त्यांच्या प्रती आयर्लंडनं त्या देशाला भेट दिल्या.

आणखी एक सावधगिरी. हद्दपारीची शिक्षा झाली म्हणजे माणूस समुद्रापार गेलाच, असं नाही. अनेक जण हल्कांवरच मुदत काढून सुटले किंवा तिथेच मेले. जहाजाच्या यादीत नाव मिळेपर्यंत प्रवास सिद्ध होत नाही.

वळण आणि फसव्या जागा

इंग्लंडातल्या न्यायालयांचं दप्तर १७३३च्या मार्चपर्यंत, मधली काही वर्षं वगळता, लॅटिनमध्ये लिहिलं जाई, तेही ठरावीक संक्षेपांत. समासात ‘सस. पर कॉल.’ असा शेरा असेल, तर त्या माणसाला फाशी दिली असं समजावं. ‘क्युल.’ म्हणजे दोषी. त्या काळातली अक्षरंही आजच्या अक्षरांपासून दूर आहेत, आणि ऑस्ट्रेलियाच्या आधी अमेरिकेत धाडलेल्या कैद्यांचा माग काढणाऱ्यांना त्यांचा वेगळा अभ्यास करावाच लागतो. ऑस्ट्रेलियाच्या दप्तरांचं वळण मात्र बरंचसं आजच्या लपेटी इंग्रजीसारखं आहे. ते वाचता न येण्याजोगं नाही. त्यात काही ठरावीक फसव्या जागा आहेत, त्या एकदा ओळखून ठेवल्या की काम हलकं होतं.

दोन ‘एस’ लागोपाठ आले, की पहिला लांब काढून लिहायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. तो नवख्या वाचकाला ‘एफ’ किंवा ‘पी’ वाटतो. मोठ्या लिपीतले ‘आय’ आणि ‘जे’ एकसारखे, ‘टी’ आणि ‘एफ’ जुळे, ‘एल’ आणि ‘एस’ चुलत भावंडं. ‘एन’, ‘यू’, ‘एम’, ‘डब्ल्यू’ ही अक्षरं नुसत्या उभ्या दांड्यांची बनतात. अशा ठिकाणी शब्द ओळखायचा प्रयत्न सोडून दांड्या मोजाव्यात.

नावांचे संक्षेप हा सर्वांत मोठा सापळा. ‘डब्ल्यू’वर चढवलेला ‘एम’ म्हणजे विल्यम, ‘जे-एन-ओ’ म्हणजे जॉन. ‘जे’नंतर वर चढवलेले ‘ए-एस’ म्हणजे जेम्स आणि ‘ओ-एस’ म्हणजे जोसेफ. या दोहोंतला फरक फक्त एका बारीक गाठीचा आहे. त्या गाठीपायी कित्येक वंशावळींत जेम्सचा जोसेफ झाला आहे.

महिन्यांचंही तसंच. ‘७’ या आकड्याला ‘बर’ जोडलेलं दिसलं, तर तो सप्टेंबर; जुलै नव्हे. त्याच हिशेबानं ‘८’चा ऑक्टोबर, ‘९’चा नोव्हेंबर आणि रोमन दहाचा डिसेंबर. १७५२पूर्वी इंग्लंडात सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या तारखांचं साल एकानं मागे दिसतं. क्वार्टर सेशन्सच्या कागदांवर पुष्कळदा राज्यवर्ष असतं: तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीचं तिसावं वर्ष म्हणजे २५ ऑक्टोबर १७८९ ते २४ ऑक्टोबर १७९०. ‘अल्ट.’ म्हणजे मागचा महिना, ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना. बातमीतली किंवा पत्रातली तारीख लावताना हे विसरलं, की घटना महिन्यानं सरकते.

आकड्यांत ‘१’ आणि ‘७’ यांची गल्लत नेहमीची. इथे कायद्याचं ज्ञान मदतीला येतं. हद्दपारीच्या शिक्षा बहुधा ठरावीक मुदतींच्या असत: ७ वर्षं, १४ वर्षं किंवा आजन्म, पुढे १० आणि १५ वर्षांच्याही. त्यामुळे ‘१ वर्ष हद्दपारी’ असं वाचलं गेलं, तर दोष वाचनाचा आहे, असं खुशाल धरावं.

एक पान जवळून

टास्मानियाच्या वर्तनपटाचं पान हे या साऱ्या अभ्यासाचं उत्तम मैदान आहे. १८२४ ते १८३६ या काळात लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या जॉर्ज आर्थरनं कैद्यांवर देखरेखीची जी यंत्रणा घट्ट केली, तिचं हे मुख्य हत्यार. ही पानं लिहिणाऱ्यांमध्ये स्वतः शिक्षा भोगणारे कैदीही असत.

पानाच्या माथ्यावर पोलीस क्रमांक आणि नाव. खाली जहाज, पोचल्याची तारीख, खटल्याचं ठिकाण आणि दिवस, शिक्षेची मुदत. मग येतो दाटीवाटीनं लिहिलेला परिच्छेद. पहिल्या नजरेला तो शाईचा सलग पट्टा वाटतो, पण त्याचा क्रम ठरलेला असतो. ‘अमुक गुन्ह्यासाठी हद्दपार’ हे आधी. मग तुरुंगाचा अहवाल: वर्तन चांगलं की वाईट, यापूर्वी शिक्षा झाली होती का. मग हल्कचा अहवाल, बहुधा एका शब्दाचा. मग कैद्याचा स्वतःचा जबाब. मग विवाहित की अविवाहित, मुलं किती. शेवटी जहाजावरच्या डॉक्टरचा अभिप्राय. हा क्रम माहीत असला, की तिसऱ्या ओळीतला न लागणारा शब्द हल्कच्या अहवालाचा आहे हे कळतं, आणि तिथे ‘ऑर्डर्ली’, म्हणजे शिस्तीचा, यासारखे मोजकेच शब्द संभवतात.

या परिच्छेदाखाली वसाहतीत आल्यानंतरच्या अपराधांची जंत्री असते. प्रत्येक नोंदीला पाच भाग: तारीख, कैदी कोणाच्या चाकरीत होता ते नाव, अपराध, शिक्षा, आणि शेवटी दोन-तीन सुटी अक्षरं. ही शेवटची अक्षरं वाचकाला फार छळतात, कारण ती अपराधाचाच भाग वाटतात. ती निवाडा देणाऱ्या मॅजिस्ट्रेटची आद्याक्षरं असतात. ती बाजूला काढली, की उरलेला मजकूर सरळ होतो. अपराधांचे शब्द थोडे आणि पुन्हापुन्हा येणारे: दारू पिणं, उद्धटपणा, कामात कुचराई, हुकूम न मानणं, परवानगीशिवाय गैरहजर राहणं. शिक्षाही ठरलेल्या: ताकीद, पायचक्कीवर काही दिवस, भाकर-पाण्यावर एकांतकोठडी, फटके, साखळदंडांच्या टोळीत सक्तमजुरी. स्त्रियांच्या पानावर होबार्टच्या कॅस्केड्स इथल्या ‘फीमेल फॅक्टरी’ या स्त्री-कैद्यांच्या तुरुंगाचं नाव, कोठडी आणि कपडे धुण्याच्या टबावरची मजुरी हे शब्द वारंवार भेटतात. दोन-तीन डझन शब्दांची यादी शेजारी ठेवली, तर पानाचा बराच भाग उलगडतो.

मग समास. कारकुनाला पान बदलायचं नसे, म्हणून पुढच्या वर्षांच्या नोंदी दोन ओळींच्या मध्ये, आडव्या, तिरप्या, जागा मिळेल तिथे कोंबल्या आहेत. त्यांचं अक्षर आणि शाई वेगळी असते. कोणती ओळ कोणाच्या हातची हे आधी ठरवावं आणि प्रत्येक हाताचे नमुने स्वतंत्र गोळा करावेत. ज्या शब्दाबद्दल शंका नाही, उदाहरणार्थ जहाजाचं नाव, त्यातली अक्षरं उचलून त्याच हातानं लिहिलेल्या अवघड शब्दाशी ताडून पाहावीत. अनुभवी वाचकांची ही सर्वांत भरवशाची रीत आहे. समासातले ‘टी. एल.’ म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह आणि ‘सी. पी.’ म्हणजे सशर्त माफी. न्यू साउथ वेल्सच्या कागदांत ‘सी. एफ.’ म्हणजे मुदत संपल्याचा दाखला.

वर्णनपटाकडेही दुर्लक्ष नको. उंची, वर्ण, केस, कपाळ, भुवया, नाक, हनुवटी असे रकाने ठरलेले असतात, आणि शेवटच्या रकान्यात खुणा. तिथे दंडावर गोंदलेली आद्याक्षरं लिहिलेली सापडतात. ती पुष्कळदा बायकोची, आईची, भावंडांची असतात. आडनाव चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर ही अक्षरं खरं कुटुंब गाठून देतात.

नाव एक, माणसं अनेक. माणूस एक, नावं अनेक

ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर मेरी रीबी हिचं चित्र आहे. १७९१ साली स्टॅफर्ड इथे घोडाचोरीचा खटला झाला, तेव्हा ती मुलाच्या वेशात होती आणि तिनं ‘जेम्स बरो’ असं नाव सांगितलं होतं. खरं नाव मेरी हेडॉक. १७९२ साली ती ‘रॉयल ॲडमिरल’ जहाजानं सिडनीला पोचली. पुढे ती वसाहतीतली मोठी व्यापारी झाली आणि लग्नानंतरचं तिचं आडनाव निरनिराळ्या कागदांत निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलं गेलं. खटल्याच्या दप्तरात फक्त मेरीला शोधणाऱ्याला ती सापडणार नाही.

हे टोकाचं उदाहरण आहे, पण तत्त्व सगळीकडे लागू पडतं. अनेक कैद्यांना आपलं नाव लिहिलेलं बरोबर आहे का हे तपासता येत नव्हतं. कारकून कानावर पडेल तसं लिही, आणि आयरिश किंवा स्कॉटिश उच्चार त्याच्या कानाला परका असे. म्हणून आडनाव शोधताना ते मोठ्यानं म्हणून पाहावं, किती तऱ्हांनी लिहिता येईल याची यादी करावी आणि ती सगळी रूपं शोधावीत. उलट बाजूनं, जॉन स्मिथ नावाचे कैदी डझनांनी आहेत. तिथे नावावर विसंबणं धोक्याचं. जहाज, खटल्याचं ठिकाण आणि पोलीस क्रमांक या तीन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदी एका माणसाच्या आहेत असं म्हणू नये.

यंत्रं आणि स्वयंसेवक

गेल्या वीसेक वर्षांत या क्षेत्रात मोठं काम झालं. १६७४ ते १९१३ या काळातल्या ओल्ड बेलीच्या छापील खटला-वृत्तांतांचा संपूर्ण मजकूर २००३पासून इंटरनेटवर टप्प्याटप्प्यानं खुला झाला. ‘डिजिटल पॅनॉप्टिकन’ या प्रकल्पानं ओल्ड बेलीत शिक्षा झालेल्या सुमारे ९० हजार लोकांच्या निरनिराळ्या नोंदी एकमेकींना जोडल्या. टास्मानियाला गेलेल्या कैद्यांसाठी ‘फाउंडर्स अँड सर्व्हायव्हर्स’ या प्रकल्पानं तसंच काम केलं. होबार्टच्या ‘फीमेल कन्व्हिक्ट्स रिसर्च सेंटर’चे स्वयंसेवक स्त्री-कैद्यांची पानं वाचून उतरवत आले आहेत. हाताचं अक्षर वाचणारी संगणकीय साधनंही आली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथून चालणारं ‘ट्रान्सक्रिबस’ त्यांतलं सर्वपरिचित. एकाच कारकुनाची शेकडो पानं असतील, तर त्याला त्या हाताचं शिक्षण देता येतं आणि मग ते उरलेली पानं वेगानं उतरवतं.

यांचं मोल मोठं आहे, पण मर्यादा ओळखायला हवी. रकान्यांची पानं, समासातल्या तिरप्या ओळी आणि एकाच पानावरचे पाच हात यांपुढे यंत्र अडखळतं. नव्या भाषिक प्रणालींचा दोष आणखी सूक्ष्म आहे. अक्षर लागलं नाही, तर त्या वाक्यात शोभेल असा शब्द घालतात, आणि तो इतका चपखल बसतो की शंकाच येत नाही. सूची माणसानं केलेली असो वा यंत्रानं, तिचा उपयोग पान सापडण्यापुरता करावा. पुरावा म्हणून नेहमी पानच पाहावं.

आणि अक्षर शंभर टक्के बरोबर वाचूनही अर्थ चुकू शकतो. २०१९ साली नाओमी वुल्फ यांच्या ‘आउटरेजेस’ या पुस्तकाबाबत हेच घडलं. ओल्ड बेलीच्या नोंदींतला ‘डेथ रेकॉर्डेड’ हा शेरा पाहून त्यांनी त्या माणसांना फाशी झाली असं धरलं होतं. वस्तुतः १८२३च्या कायद्यानं न्यायाधीशाला मृत्युदंड प्रत्यक्ष न सुनावता नुसता नोंदवण्याची मुभा दिली होती, आणि अशा कैद्यांना फाशी दिली जात नसे. बीबीसीवरच्या मुलाखतीत ही चूक उघड झाली आणि पुस्तकाची अमेरिकेतली आवृत्ती रद्द झाली. तिथे मजकूर स्वच्छ छापील होता. अडचण अक्षराची नव्हती, साच्याची होती.

आपल्या किनाऱ्यावरून गेलेले

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. हिंदुस्थानातून समुद्रापार धाडलेल्या कैद्यांचा इतिहासही मोठा आहे. बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून १८१५ ते १८३७ या काळात सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले. १८३६ साली तिथे आलेल्या चार्ल्स डार्विननं त्यांना पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर इथे १८७३पर्यंत हिंदुस्थानी कैदी होते. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथिड्रल त्यांच्या श्रमांतून उभं राहिलं. १८५८च्या मार्चपासून अंदमान. उलट दिशेनंही वाहतूक झाली: महाबळेश्वरला १८६४पर्यंत चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. पुणे, खडकी, मुंबई इथल्या गोऱ्या पलटणींतल्या काही सैनिकांना लष्करी न्यायालयांनी ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं, त्यामुळे तिकडच्या नोंदवह्यांत खटल्याचं ठिकाण म्हणून आपली गावंही भेटतात. हिंदुस्थानी कैद्यांवर इतिहासकार क्लेअर अँडरसन यांनी केलेलं काम पायाभूत आहे.

इथले कागद वाचताना मराठी माणसाचं पारडं जड आहे. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या न्यायखात्याच्या खंडांत नावं इंग्रजी लिपीत, ऐकीव वळणानं लिहिलेली आहेत. ठाण्याचं ‘टॅना’, रत्नागिरीचं ‘रुटनाघेरी’, सोलापूरचं ‘शोलापूर’. ‘अ’साठी ‘यू’, ‘ई’साठी दोन ‘ई’ आणि ‘ऊ’साठी दोन ‘ओ’ ही त्या काळची रीत लक्षात ठेवली, की गोंधळात टाकणाऱ्या अक्षरांतून गणू, विठू, पांडू उभे राहतात. नावाच्या मध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ आलं, तर पुढे बापाचं नाव. ‘कोम’ आलं, तर स्त्रीच्या नवऱ्याचं. परदेशी सूचीकारांना हे शब्द ठाऊक नसले, की ते नावाचाच भाग समजून भलत्या अक्षराखाली घातले जाऊ शकतात. म्हणून शोध दोन्ही नावांखाली घ्यावा.

इंग्रजी कागदामागे अनेकदा मोडीतली जबानी किंवा कैफियत असते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि संक्षेप भरपूर: ‘मौ’ म्हणजे मौजे, ‘रा’ म्हणजे राजश्री. साल पुष्कळदा सुहूर गणनेतलं असतं. ‘इसन्ने सलासीन मयातैन व अलफ’ म्हणजे दोन, तीस, दोनशे आणि हजार, एकूण १२३२. त्यात ५९९ मिळवले, की १८३१-३२ हे इसवी साल येतं. मोडी आणि इंग्रजी दोन्ही कागद हाती आले, तर नाव, गाव आणि तारीख यांचा परस्पर पडताळा मिळतो. त्याहून भक्कम पुरावा या क्षेत्रात विरळाच.

अंदमानात तर नोंद माणसाच्या अंगावरच असे. कैद्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर क्रमांक, गुन्ह्याचं कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख लिहिलेली असे. सावरकरांना १९११ साली ठाण्याच्या तुरुंगातून अंदमानला नेलं. त्यांचा क्रमांक ३२७७८ आणि बिल्ल्यावरचं सुटकेचं साल १९६०. अशा नामवंतांचे क्रमांक आपल्याला पाठ असतात. त्यांच्या आधी आणि बरोबर गेलेल्या हजारो अनाम कैद्यांची पानं मात्र अजून कोणी वाचलेली नाहीत.

वाचल्यानंतर

पान लागलं, की त्यात पूर्वज भेटला असं वाटतं. इथे थांबून विचार करायला हवा. पानावर जे आहे ते सरकारनं, सरकारच्या कामासाठी लिहिलेलं आहे. गैरहजेरीच्या दहा नोंदी दिसतात. मालकानं खायला काय दिलं, हे दिसत नाही. ‘उद्धट’ हा शब्द दिसतो. तिनं नेमकं काय उत्तर दिलं, ते बहुधा दिसत नाही. टास्मानियाच्या पानावर कैद्याचा स्वतःचा जबाब येतो ती एकच जागा त्याच्या आवाजाच्या जवळ जाणारी. तिथेही इंग्लंडहून आलेले कागद कारकुनाच्या समोर होते आणि लेखणी कारकुनाच्या हातात होती. ज्या स्त्रीच्या पानावर मूल झाल्याचा कोरडा शेरा आहे, तिच्या त्या मुलाचा शोध न्यू टाऊनच्या अनाथालयाच्या नोंदवहीत घ्यावा लागतो. पानाच्या बाहेर गेल्याशिवाय माणूस पुरा होत नाही.

आपल्याकडे ही जबाबदारी आणखी मोठी आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं संपूर्ण समाजांवर जन्मतः गुन्हेगार हा शिक्का मारला. १९११च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभ्या राहिल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्यानं पुसला. लोकांच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. अशा दप्तरातलं ‘गुन्हेगार’ हे विशेषण जसंच्या तसं उचलून वंशावळीत लिहिणं, हे चुकीचं वाचन आहे. ते विशेषण कायद्याचं वर्णन करतं, त्या माणसाचं नव्हे.

निष्कर्ष

या साऱ्यातून निघणारी शिस्त साधी आहे. आधी नोंदवही ओळखा: कोणत्या कचेरीची, कोणत्या साली, कोणत्या कामासाठी. मग रकाने आणि ठरीव शब्द जाणून घ्या. मग हात वेगळे करा, अक्षरांचे नमुने गोळा करा. उतारा ओळ-न्-ओळ, मुळातल्या चुकांसह करा. जो शब्द लागला नाही, तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि ते ठेवण्यात कमीपणा मानू नका. दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा आधार मिळेपर्यंत नातं जोडू नका. चांगला वाचक किती शब्द लावतो यापेक्षा, कुठे थांबतो यावरून ओळखावा.

राज्याचा पुराभिलेख विभाग आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेत आल्या आहेत, आणि तिथून शिकून बाहेर पडणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. बहुतेकांचं मोडी पुढे राजकीय पत्रव्यवहार आणि वतनाच्या कागदांवर खर्च होतं. त्यांना माझी विनंती आहे: न्यायखात्याच्या रुमालांकडेही वळा. मॉरिशस, सिंगापूर आणि अंदमानात आज राहणाऱ्या काही कुटुंबांच्या मूळ गावाचं नाव तिथे लिहिलेलं असण्याची शक्यता आहे, आणि ते वाचू शकणारी माणसं बहुतांशी महाराष्ट्रातच आहेत.